प्रवेशपुस्तिकेत आणखी पाच रकाने हवेत

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



नीटचा निकाल लागला की आमच्या लातुरात सरकारी एमबीबीएस मिळणाऱ्या मुलांचे फलक चौकाचौकात लागतात आणि बाकीची घरं हिशेबाला बसतात. हे पत्र त्या बाकीच्या घरांसाठी आहे. बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. आता निवृत्त आहे, म्हणून ओळखीपाळखीची मुलं कॅप राउंडचा पसंतीक्रम भरायला माझ्याकडे येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "काका, बीएएमएस घेऊ, बीपीटीएच घेऊ की बीएस्सी नर्सिंग?" सोबतचे वडील एवढंच विचारतात : "कर्ज फिटेल का?"

याचं उत्तर द्यायला दोन आकडे लागतात, खर्चाचा आणि मिळकतीचा. खर्चाचा बराचसा आकडा आज मिळतो. २०१५च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण विनाअनुदानित महाविद्यालयांची फी ठरवतं आणि ती पाहता येते. मागच्या वर्षी प्रवेश कितव्या क्रमांकावर थांबला, तेही कळतं. मिळकतीचा आकडा मात्र कुठल्याच पुस्तिकेत नाही. तो क्लासच्या सरांकडून, शेजारच्या डॉक्टरांकडून किंवा महाविद्यालयाच्या जाहिरातीतून कानावर येतो. बाजारात म्हैस घेताना शेतकरी दोन वेळचं दूध काढून बघतो. मुलाच्या पदवीसाठी घर तारण ठेवताना मात्र ऐकीव गोष्टींवर भागवतो.

एक उदाहरण मांडतो. बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, चार वर्षांची, वर सहा महिने इंटर्नशिप असं धरू. समजा वर्षाला २ लाख फी आणि ती सगळी कर्जातून, म्हणजे ८ लाख. व्याज १० टक्के धरू. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून घरचे निर्धास्त असतात. व्याज मात्र रक्कम उचलल्या दिवसापासून चढत असतं. सरळ व्याज धरलं तरी पहिल्या हप्त्यापर्यंत सुमारे ३ लाख २० हजार चढतात. हे ११ लाख २० हजार १५ वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला १२ हजारांवर जातो आणि एकूण भरणा साडेएकवीस लाखांच्या पुढे. वसतिगृह, खानावळ यात धरलेली नाही. ती धरली की कर्ज आणखी वाढतं. एवढ्या कर्जाला बँक सहसा तारण मागते आणि सहकर्जदार म्हणून सही केलेल्या वडिलांचं सिबिलही मुलाच्या हप्त्याशी बांधलं जातं.

हा १२ हजारांचा हप्ता जड की हलका, ते पगारावर ठरणार. नव्या फिजिओथेरपिस्टला पुण्यात किती मिळतात, अंबाजोगाईत किती, स्वतःचं क्लिनिक उभं राहायला किती वर्षं जातात, हे सांगणारा भरवशाचा कागद त्या वडिलांच्या हातात नसतो.

मिळकतीचं उदाहरण म्हणून राष्ट्रीय आरोग्य अभियानातली समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची कंत्राटी जागा घ्या. तिच्यासाठी बीएएमएस झालेला अर्ज करू शकतो आणि बीएस्सी नर्सिंग झालेलीही. मानधन दोघांना सारखंच : दरमहा २५ हजार आणि कामगिरीनुसार १५ हजारांपर्यंत. एकाने इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं दिलेली असतात, दुसरीने चार. बीएएमएसला पुढे एमडी आहे, स्वतःचा दवाखाना आहे. नर्सिंगला परदेशाची वाट आहे. तेव्हा या एका जागेवरून कुठली पदवी सरस ते ठरत नाही. पण पसंतीक्रम भरण्याआधी हे ठाऊक असलेलं घर मला क्वचितच भेटतं.

सरकारने काहीच केलेलं नाही, असं नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४पासून माफ आहे. त्याने मुलींच्या कर्जाचा बोजा बराच उतरतो. पण ओझं किती आहे, हे कळलं तरी ते पेलण्याची ताकद या पदवीतून येईल का, हा प्रश्न उरतोच.

म्हणून विनंती अशी की, प्रवेशपुस्तिकेत प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक अभ्यासक्रमासमोर पाच रकाने छापावेत. पहिला : प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण ठरल्या मुदतीत पदवीधर झाले. दुसरा : इंटर्नच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेलं विद्यावेतन. तिसरा : वसतिगृह, खानावळ, अनामत धरून पूर्ण खर्च. चौथा : पदवीनंतर एका आणि पाच वर्षांनी, सर्वांत मधोमध असलेल्या पदवीधराची मिळकत, आणि सोबत खालच्या व वरच्या चौथाईचीही. पाचवा : किती जणांनी कर्ज घेतलं आणि साधारण किती.

पहिल्या रकान्याची माहिती आपल्या परीक्षा विभागात आजही आहे. दुसरा आणि तिसरा एका परिपत्रकाने महाविद्यालयांकडून मागवता येतील. चौथ्या-पाचव्यासाठी पदवी प्रमाणपत्राच्या अर्जात आणि पुढे मेडिकल कौन्सिलच्या दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाच्या अर्जात दोन प्रश्न घालावेत, नाव न घेता, केवळ उत्पन्नाचा आणि कर्जाचा गट विचारणारे. बाकीच्या परिषदांनाही हेच सुचवता येईल. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी आजही नोकरी लागलेल्यांचा मधला पगार विचारते, पण तो आकडा महाविद्यालय स्वतःच देतं आणि स्वतःचा दवाखाना थाटणारा त्यात दिसत नाही. अमेरिकेत २०१३पासून 'कॉलेज स्कोअरकार्ड' आहे. त्यातली मिळकत करखात्याच्या नोंदींवरून काढतात, महाविद्यालयाच्या सांगण्यावरून नव्हे. आपल्याकडे तितकं लगेच जमणार नाही, पण सुरुवात करायला हरकत नसावी.

यावर कुणी म्हणेल, वैद्यकी हा सेवेचा धर्म आहे, त्याला पगाराचा काटा कसा लावता? मेळघाटातल्या बैरागडला जाऊन रुग्णसेवा करत राहिलेल्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासमोर माझाही माथा झुकतो. पण तसं पाऊल उचलायला नुसतं मन पुरत नाही. महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जाणारा तरुण डॉक्टर मेळघाटातल्या धारणीला जायचं कितीही मनात आणो, तो छत्रपती संभाजीनगरच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलातल्या रात्रपाळीलाच 'हो' म्हणणार. गावाला डॉक्टर हवा असेल तर त्याच्या कर्जाचा विचार प्रवेशाच्या वेळीच व्हायला हवा.

दुसरी भीती रास्त आहे. नुसता मिळकतीचा आकडा छापला तर ज्या महाविद्यालयाची मुलं ग्रामीण भागात जातात, ते खालच्या क्रमांकावर दिसेल. म्हणून क्रमवारी लावू नये. मिळकतीशेजारी पदवीधर कुठे काम करतात तेही द्यावं : शहर, तालुका की गाव, सरकारी की खासगी. सेवेला जाणाऱ्यालाही ते उपयोगी पडेल.

अभिमत विद्यापीठं आपल्या कक्षेत येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण आपला तक्ता एकदा निघाला की पालक त्यांच्याही दारात तोच मागतील. पुढच्या प्रवेशफेरीआधी निदान पहिले तीन रकाने भरून द्यावेत. उरलेल्या दोन्हींसाठी दोन वर्षं थांबायची आमची तयारी आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, लातूर

प्रत : मा. आयुक्त, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई