दुकानदार कंपन्यांचे शेअर व शेतकऱ्याचें भांडवल

रस्ते, धरणें व कारखाने यांसाठीं ज्यांच्या जमिनी संपादित होतात, त्या कुटुंबांच्या हातीं एकरकमी पैसा येतो. एखाद्या वर्षीं द्राक्षें किंवा ऊंस चांगला उतरला म्हणजे बागाईतदारांजवळही कांहीं शिल्लक राहते. पूर्वीं हा पैसा पुन्हां जमिनींत, सोन्यांत अथवा बँकेच्या मुदत ठेवींत जाई. आतां घरोघरचे तरुण डीमॅट खातें उघडून कंपन्यांचे शेअर घेऊं लागले आहेत. आणि ज्या मोठ्या दुकानांतून आपण डाळ, तेल व साबण आणतों, त्या किरकोळ विक्रीच्या कंपन्यांकडे त्यांचा ओढा विशेष दिसतो. दुकानांत उभें राहावयास जागा मिळत नाहीं, मग शेअर वाईट कसा असेल, असा त्यांचा प्रश्न असतो. उलट वडीलधारी मंडळी हा सगळा सट्टा आहे असें म्हणून विषयच झटकून टाकतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष एकाच कारणानें चुकतात. जमीन घेतांना जी चौकशी ते करतात, ती येथें करीत नाहींत.

शहाणा शेतकरी उभें पीक पाहून जमीन घेत नाहीं. तो सातबाराचा उतारा काढतो. कब्जेदार कोण, इतर हक्कांत बोजा कोणाचा, हें वाचतो. दुकानांतील गर्दी हें उभें पीक आहे आणि कंपनीचा वार्षिक अहवाल हा तिचा उतारा आहे. महसूल खात्यांत आमचीं वर्षें उतारे लिहिण्यांत गेलीं म्हणून आम्हांस असें दिसतें, असें कोणी म्हणेल. परंतु पुढील दोन उदाहरणें पाहावीं.

‘बिग बझार’ हीं दुकानें 2001 सालीं निघालीं आणि थोड्याच वर्षांत शहरांतून तें नांव सर्वतोमुखीं झालें. तीं चालविणाऱ्या फ्यूचर रिटेल कंपनीचीं दुकानें बहुतेक भाड्याच्या जागेंत होतीं, विस्तार कर्जावर झाला होता, आणि प्रवर्तकांनीं आपले शेअरही गहाण टाकले होते. 2020 सालीं टाळेबंदींत विक्री मंदावली. व्याज व भाडें मात्र चढतच राहिलें. त्याच वर्षीं धंदा रिलायन्सला विकण्याचा 24,713 कोटी रुपयांचा करार झाला, परंतु अ‍ॅमेझॉननें हरकत घेतल्यामुळें तो लवादांत व न्यायालयांत अडकला. दरम्यान अनेक जागांचे भाडेपट्टे रिलायन्सनें आपल्या नांवें करून घेतले होते. भाडें थकलें, तेव्हां 2022 च्या फेब्रुवारींत तिनें त्या जागा ताब्यांत घेतल्या. खंडानें घेतलेल्या शेतांत कर्ज काढून बाग लावणाराची जी गत होते, तीच येथें झाली. जुलै 2022 मध्यें बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून नादारीची कारवाई सुरू झाली आणि जुलै 2024 मध्यें कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम निघाला. अशा वेळीं कायद्याप्रमाणें बँका, कामगार, सरकार व इतर धनको यांचें देणें आधीं भागवावयाचें असतें. शेअरवाला सर्वांच्या मागें उभा असतो, आणि त्याची पाळी येईपर्यंत बहुधा कांहीं उरत नाहीं.

दुसरें उदाहरण ‘डी-मार्ट’चें. राधाकिशन दमाणी यांनीं तिचें पहिलें दुकान 2002 सालीं मुंबईस पवई येथें उघडलें. जागा शक्यतों मालकीची घ्यावयाची, कर्ज नाममात्र ठेवावयाचें, पुरवठादारास पैसे लवकर देऊन भाव पाडून घ्यावयाचा आणि दुकानें बेताबेतानें वाढवावयाचीं, ही तिची रीत. 2023-24 मध्यें तिची विक्री सुमारें 50,800 कोटींची व निव्वळ नफा सुमारें 2,540 कोटींचा होता. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागें पांच रुपये. नीट चाललेल्या दुकानदारींतही एवढेंच सुटतें. शंभरामागें चार-पांच रुपयांचें भाडें किंवा व्याज वाढलें कीं नफा संपला. म्हणून जागा कोणाची व बोजा किती, हेच ह्या धंद्यांतील पहिले प्रश्न होत.

मात्र जमीन कसदार आहे एवढ्यानें सौदा फायद्याचा होत नाहीं. मार्च 2017 मध्यें हाच शेअर 299 रुपयांस देण्यांत आला व बाजारांत पहिल्याच दिवशीं 600 च्या वर गेला. ऑक्टोबर 2021 मध्यें तो साडेपांच हजारांवर चढला. 2021-22 सालचा नफा शेअरामागें सुमारें 23 रुपये होता. वर्षास 23 रुपये निव्वळ उत्पन्नाच्या शेतास साडेपांच हजार रुपये आपल्यापैकीं कोण देईल? पुढील सालीं कंपनीचा नफा 1,492 कोटींवरून 2,378 कोटींवर गेला. तरी मार्च 2023 मध्यें भाव साडेतीन हजारांच्या आसपास उतरला होता. नफा वाढला आणि चढ्या भावानें घेणाराचें भांडवल तिसऱ्या हिश्श्यानें घटलें. वाढत्या उत्पन्नाच्या आशेनें जास्त किंमत द्यावी, हें आम्हांस मान्य आहे. नव्या कालव्याखालीं येणाऱ्या जमिनीस भाव अधिक मिळतोच. परंतु पाणी येण्यापूर्वींच नातवंडांच्या काळापर्यंतच्या पाण्याचे पैसे मोजणें हा व्यवहार नव्हे. शिवाय ह्या कंपनीनें 2017 पासून 2024 पर्यंत लाभांश दिला नव्हता. बी-बियाण्यास पैसा लागला तर शेअर विकावा लागतो, आणि तो त्या दिवशींच्या भावानें.

यास्तव आमचें म्हणणें असें. कर्ज काढून, अथवा पुढील हंगामाच्या बियाण्या-खताच्या पैशांतून शेअर घेऊं नयेत. जमिनीच्या मोबदल्याचा पैसा आधीं जमीन, विहीर किंवा खात्रीचें उत्पन्न यांत घालावा. जो भाग सात-आठ वर्षें हात न लावतां राहूं शकेल, तेवढाच इकडे वळवावा, आणि तोही एकाच कंपनींत नव्हे. घेण्यापूर्वीं चार गोष्टी लिहून काढाव्या: दुकानांची जागा मालकीची कीं भाड्याची, कर्ज किती, प्रवर्तकांचे शेअर गहाण आहेत काय, आणि मागितलेली किंमत नफ्याच्या किती पट आहे. नोंदलेल्या कंपन्यांस ही माहिती प्रसिद्ध करावी लागते व ती फुकट पाहावयास मिळते. वायद्याच्या व्यवहारांत तर पडूंच नये; 2024 सालीं सेबीनें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत तीन वर्षांत शंभरांतील 93 व्यक्तींस तोटाच आला होता.

हें काम एकट्या माणसास जड जातें, म्हणून एक सूचना करतों. आपल्या संस्थेनें वर्षांतून एकदां, खरिपाचीं कामें उरकल्यावर, दोन-तीन कंपन्यांचे अहवाल मागवून सभेंत वाचावे. इंग्रजी जाणणाऱ्या मुलांनीं आंकडे सांगावे आणि जमिनीचे व्यवहार केलेल्या वडील मंडळींनीं प्रश्न विचारावे. ज्या घरांत मोबदल्याचा पैसा आला आहे, त्यांनीं निदान ही सभा होईपर्यंत थांबावें, एवढी आमची विनंती आहे.