होळकरांचे चार करंडक कुणाचे?

फराळाच्या ताटावर वाद घालू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. यंदा मी तो मोडणार आहे; वाचकांनी मास्तराला क्षमा करावी.

जून 2022 मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून रणजी करंडक जिंकला. "पहिल्यांदाच!" असा गजर झाला. तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "मास्तर, इंदूरला याआधी कधीच करंडक आला नव्हता?"

आला होता, बाळ. चार वेळा! 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 साली. होळकर संघ 1941 ते 1955 या काळात खेळला आणि त्याने दहा वेळा अंतिम सामना गाठला. म्हैसूरविरुद्ध त्याने 8 बाद 912 धावा केल्या. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग अशा सहा जणांची शतके एकाच डावात! संस्थान 1948 साली मध्य भारतात विलीन झाले, पुढे संघाचे नावही पुसले गेले, आणि हे करंडक बेवारस ठरले.

कुणी म्हणेल, ती महाराजांची हौस होती. पैसे टाकून खेळाडू आणले होते. कबूल! नायडूंना होळकरांच्या फौजेत हुद्दाही होता. पण खजिना खेळाडूला इंदूरपर्यंत आणतो. मैदानावर 912 धावा काही खजिना काढत नाही. आणि वारस नाही कसा? त्याच जगदाळ्यांचे चिरंजीव संजय पुढे मध्य प्रदेशाकडून खेळले. बाप होळकरांचा, लेक मध्य प्रदेशाचा; मग बापाची कमाई परक्याची कशी?

हा अन्याय आपल्याकडेच होतो असे नाही. चेकोस्लोव्हाकियाचा बर्फावरच्या हॉकीचा संघ सहा वेळा जगज्जेता झाला. 1993 साली देश दुभंगला. वरच्या गटातली जागा चेकांना मिळाली. स्लोव्हाकांना मात्र तिसऱ्या गटातून चढावे लागले. जुन्या संघात त्यांचीही मुले घाम गाळत होती, हे कुणी मोजले नाही. 2002 साली स्लोव्हाक जगज्जेते झाले, तेव्हा तेही "पहिल्यांदाच" ठरले!

नोंदवह्यांत खाडाखोड करा, असे माझे म्हणणे नाही. मध्य प्रदेशाचा पहिला करंडक पहिलाच राहू द्या. पण त्याच पानावर, त्याच ओळीखाली, होळकरांचे चारही लिहा. राज्य मेले की नकाशा बदलतो. ज्या मातीवर खेळ झाला ती माती बदलत नाही.

आमचे कामतघर आज भिवंडी शहरात मिसळून गेले आहे. म्हणून वऱ्हाळादेवीचा तलाव काही कुणी बेवारस म्हणत नाही. त्या मुलाला मी इतकेच सांगितले, आणि त्याने वहीत आकडा लिहिला: चार अधिक एक.