बोटाने दाखवता येणारी कळ
जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी पावसाळा सरता सरता जोर धरते आणि पायांच्या तक्रारी सुरू होतात. लांब पल्ल्यानंतर दोन्ही मांड्या, पोटऱ्या भरून येणं स्वाभाविक आहे. दोन-तीन दिवसांत ते ओसरतं. मला भीती वाटते ती दुसऱ्या दुखण्याची: एकाच पायात, हाडावर नेमकं बोट ठेवून दाखवता येणारं, धावताना वाढत जाणारं, पुढे रात्री पडल्या पडल्याही ठणकणारं. ती हाडाला गेलेली बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून एक्स-रे नॉर्मल आला एवढ्यावर पुन्हा धावू नका. जांघेत खोलवर दुखत असेल तर अधिकच जपा, कारण खुब्याजवळची चीर दुर्लक्ष झालं तर हाड पूर्ण मोडेपर्यंत जाऊ शकते. वेदनाशामक गोळी घेऊन लंगडत धावणं मला शौर्य वाटत नाही. पाऊल टेकवत नसेल, सांधा सुजला असेल किंवा एकच पोटरी सुजून गरम लागत असेल (ती रक्ताची गुठळीही असू शकते), तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा; आणि आठवड्याला किती किलोमीटर धावता, हेही त्यांना आवर्जून सांगा.