वेशीवर उतरविलेला कोट

मुंबई-पुण्याच्या नोकरीतून सुट्टीला गावी निघालेला आमचा तरुण एस. टी.तून उतरतो आणि गावाची वेस जवळ येऊ लागताच त्याचे हात आपोआप चालू लागतात. काळा चष्मा खिशात जातो. पँटमध्ये खोचलेला सदरा बाहेर येतो. अंगावर कोट असेल तर त्याची घडी होऊन तो पिशवीत जातो. त्या क्षणी तेथे त्याला कोणी हुकूम केलेला नसतो. वडिलांनी मात्र निघण्यापूर्वीच फोनवर बजावलेले असते, "बाबा, इथं जरा साधा राहा. लोकांच्या डोळ्यांवर येऊ नकोस."

हा तरुण पदवीधर आहे. शहरात तो वरिष्ठांच्या समोर खुर्चीवर बसून बोलतो. त्याच्या खोलीत भगवान बुद्धांची मूर्ती आहे आणि बावीस प्रतिज्ञा त्याला मुखोद्गत आहेत. मग आमचा त्याला व त्याहूनही अधिक त्याच्या वडिलांना सवाल असा की, आपण धम्माची दीक्षा घेतली ती कोठपर्यंत घेतली? शहरातल्या खोलीत ती सुरू झाली आणि गावाच्या वेशीवर संपली काय?

"कपड्यांत काय आहे? माणसाने मनाने बदलावे," असा उपदेश करणारे गृहस्थ या वेळी हटकून पुढे येतात. त्यांच्या अंगावर काय असावे हे त्यांना आजवर दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही, म्हणून त्यांना कपडा ही क्षुल्लक बाब वाटते. मनूला ती क्षुल्लक वाटली नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे अलंकार घालावेत आणि प्रेतांच्या अंगावरची वस्त्रे नेसावीत, असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. माणूस दुरून येताना दिसला की तो कोण हे विचारण्याची गरजच पडू नये, हा त्यातला हेतू. कपडा ही जातीची पाटी होती आणि ती अंगावरच टांगलेली होती.

ही पाटी केवळ पोथीत राहिली असे कोणी समजू नये. परमपूज्य बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या 1936 च्या भाषणग्रंथात इंदूर भागातील बलाई लोकांचे उदाहरण दिले आहे. तेथील सवर्ण गावकऱ्यांनी 1928 च्या सुमारास बलायांना जी फर्माने काढली त्यांत जरीकाठी पागोटे घालू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने व झोकदार पोशाख घालू नये, ही कलमे होती. मद्रास इलाख्यातील रामनाड जिल्ह्यात 1930 साली कळ्ळर लोकांनी आदि-द्रविडांवर असेच निर्बंध लादले. पुरुषांचे वस्त्र गुडघ्याच्या खाली आणि कमरेच्या वर जाता कामा नये. कोट, सदरा, बनियन वर्ज्य. पायांत वहाण नको, हातांत छत्री नको. स्त्रियांनी अंगाचा वरचा भाग झाकू नये. इंदूर कोठे आणि रामनाड कोठे! भाषा निराळी, हवामान निराळे, पोशाखाची तऱ्हा निराळी. पण फर्मान काढणाऱ्याचे डोके एकच.

त्रावणकोर संस्थानाची कथा तर आमच्या प्रत्येक घरात सांगितली जावी अशी आहे. तेथे नाडार स्त्रियांना छाती झाकण्याची मनाई होती. त्यांनी वस्त्र घेतले, ते फाडले गेले, त्यांनी पुन्हा घेतले. हा झगडा कित्येक वर्षे चालला. अखेरीस 26 जुलै 1859 रोजी महाराजांनी जाहीरनामा काढला. त्यातली मेख वाचकांनी नीट पाहावी. नाडार स्त्रियांना अंग झाकण्याची परवानगी मिळाली; पण उच्चवर्णीय स्त्रिया ज्या पद्धतीने वरचे वस्त्र घेतात त्या पद्धतीने ते घेता येणार नाही, ही अट तशीच ठेवली! झाका, पण आमच्यासारखे झाकू नका. थंडी-वाऱ्याचा किंवा लज्जेचा प्रश्न असता तर या अटीची गरजच काय होती? आज गावात "चांगले कपडे घाला हो, कोण नाही म्हणतो, पण जरा बेताने," असे जे गोड शब्दांत ऐकविले जाते, ते याच जाहीरनाम्याचे मराठी भाषांतर होय.

त्या प्रदेशातील लोकांनी त्याला उत्तरही दिले. 1893 साली अय्यनकाळी या पुलया तरुणाने स्वच्छ वस्त्रे परिधान केली, डोक्याला पागोटे बांधले आणि सवर्णांनी स्वतःसाठी राखलेल्या रस्त्यावरून बैलगाडी हाकली. 1915 साली कोल्लमजवळच्या पेरिनाड येथे पुलया स्त्रियांनी गळ्यातल्या दगडी मण्यांच्या माळा, ज्या त्यांच्या जातीची खूण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या गळ्यात अडकविल्या होत्या, तोडून फेकून दिल्या.

आणि आमच्या महाडला काय घडले? डिसेंबर 1927 मधील परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाल्याचे सर्वांस ठाऊक असते. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, याची आठवण मात्र फार थोडे ठेवतात. लुगडे आखूड नेसण्याची तुमची तऱ्हा, गळ्यांतले आणि हातांतले ते जड हिणकस दागिने, या तुमच्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत. त्या टाका, लुगडे उच्चवर्णीय स्त्रिया नेसतात तसे नेसा, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण ते स्वच्छ असू द्या, असा त्या उपदेशाचा आशय होता. परिषदेला साथ देणाऱ्या सवर्ण कुटुंबांतील स्त्रियांनी ते नेसवून दाखविले, आणि आमच्या आया-आज्या घोळदार लुगड्यात परतल्या. ज्या गावी परतल्या तेथे त्यांच्या पाठीशी कायदा नव्हता, पोलीस नव्हते, मुलाची नोकरी नव्हती. त्यांनी वेशीवर लुगडे पुन्हा आखूड केले असते तर त्यांना दोष कोण देता?

आता साधेपणाविषयी. गांधीजींनी 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुराईत पंचा स्वीकारला, आणि तेव्हापासून बाबासाहेबांच्या कोट-टायकडे बोट दाखवून "हा कसला दलितांचा पुढारी?" असे विचारण्याची टूम निघाली. ती अद्याप गेलेली नाही. चौकाचौकांतल्या पुतळ्याच्या निळ्या कोटावर विनोद करणारे विद्वान आजही भेटतात. ज्याच्या घरी कपड्यांचे कपाट भरलेले आहे त्याने ते सोडले तर तो त्याग ठरतो. ज्याला सदरा घालण्याचीच बंदी होती त्याने उघडे राहणे याला त्याग म्हणत नाहीत. ती आज्ञापालनाची जुनी सवय होय. बाबासाहेबांनी हे ओळखले होते, म्हणून त्यांनी आमच्यासमोर दारिद्र्याचा पोशाख कधी मांडला नाही.

कोणी म्हणेल, तथागतांनी तर भिक्खूंना उकिरड्यावरच्या चिंध्यांचे चीवर सांगितले, मग बौद्धाला कोट कशाला? विनयपिटक उघडून पाहावे. महावग्गात जीवक वैद्याने विनंती केल्यावर भगवंतांनी गृहस्थांनी दिलेले वस्त्रही स्वीकारण्यास अनुज्ञा दिली आणि ज्याला पांसुकूल हवे त्याने ते घ्यावे, ज्याला गृहस्थाचे वस्त्र हवे त्याने ते घ्यावे, असे सांगितले. चिंधी मनूकडेही आहे आणि विनयातही आहे. मनूकडे ती शिक्षा आहे, विनयात ती भिक्खूची आपखुशी आहे. आपण तर गृहस्थ आहोत. कोलियांचा दीघजाणू चंदन, माळा व सुगंध वापरणारा संसारी माणूस म्हणूनच भगवंतांकडे आला होता. त्याला त्यांनी ते टाकून दे असे म्हटले नाही. उद्योग कर, मिळविलेले राख, भल्यांची संगत धर आणि मिळकत पाहून खर्च कर, एवढे सांगितले.

मिळकत पाहून! येथे आमच्याच लोकांची थोडी कानउघाडणी केली पाहिजे. लग्नात नवरदेवाची शेरवानी हवी म्हणून कर्ज काढणे आणि तीच शेरवानी नंतर पेटीत कुजत ठेवून मुलाच्या शाळेच्या फीला पैसे नाहीत म्हणणे, याला स्वाभिमान म्हणू नये. तसेच काही विहारांत मुलींना पांढऱ्या साडीशिवाय वंदनेला बसू न देण्याची नवी शिस्त सुरू झाली आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला पांढऱ्या वस्त्रांचा सागर लोटला होता. पाली ग्रंथांतही उपासकाला शुभ्रवस्त्रधारी म्हटले आहे. ते आम्हांला प्रिय आहे. पण कॉलेजातून सलवार-कमीज किंवा जीन्समध्ये थेट आलेल्या मुलीला दारातून परत पाठविणारा कार्यकर्ता स्वतः पँट घालूनच उभा असतो! सोवळ्याचा रंग पांढरा केला म्हणून ते धम्माचे होत नाही.

आता वडिलांच्या भीतीकडे वळू. ती भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मे 2023 च्या अखेरीस गुजरातेतील बनासकांठा जिल्ह्यातील मोटा गावी एका दलित तरुणाला चांगले कपडे व काळा चष्मा घातल्याच्या रागातून मारहाण झाल्याची फिर्याद नोंदली गेली. त्याच्या आईवरही हात टाकल्याचे तीत म्हटले होते. तेव्हा बापाने मुलाला जपून राहण्यास सांगावे यात नवल नाही. पण जपण्याचा उपाय म्हणून मुलाचा कोट पिशवीत घालणे म्हणजे मारणाऱ्याचे काम घरच्या घरी करून देणे होय.

अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. 2015 साली संसदेने त्यात जी दुरुस्ती केली आणि जी 26 जानेवारी 2016 पासून अंमलात आली, तिच्यात एक वाक्य आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीस सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास, सायकल वा मोटारसायकल चालविण्यास, लग्नाची वरात काढण्यास किंवा वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा करणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे. स्वातंत्र्य मिळून अडुसष्ट वर्षे झाल्यावर या देशाच्या संसदेला 'नवे कपडे' हे शब्द कायद्यात लिहावे लागले! ज्यांना कपड्यांचा प्रश्न क्षुल्लक वाटतो त्यांनी हे कलम एकदा वाचावे.

आमच्यापैकी कित्येकांना अशी शंका वाटते की, आपण बौद्ध झालो, आता या कायद्याचे संरक्षण आपल्याला कसले? ही शंका काढून टाकावी. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींनाही अनुसूचित जातींच्या यादीत गणले जाते. जातीचा दाखला मात्र घरात नीट ठेवावा, दीक्षेच्या उत्साहात तो फाडू नये.

तेव्हा येत्या बुद्धपौर्णिमेला गावी जाताना शहरात जे घालता तेच घालून उतरा, आणि शक्य तर दोघे-चौघे मिळून उतरा. कोणी अडविले तर ठाण्यात जा. गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही, हे 2018 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेऊन, सही घेण्यापूर्वी ती वाचून दाखविणे आणि तिची नक्कल ताबडतोब देणे हे अंमलदाराचे कर्तव्य आहे. तो 'किरकोळ भांडण' असे लिहू लागला तर त्याला थांबवा. अडविणारा तुमच्या सदऱ्याविषयी, बुटांविषयी, चष्म्याविषयी काय बोलला, तो शब्द न् शब्द फिर्यादीत उतरवून घ्या, आणि मगच सही करा.