सुटकेसमधला पापड

मागच्या उन्हाळ्यात अकोल्यात एका बचत गटाकडे गेले होते. गच्चीवर जुन्या लुगड्यांवर कुरडया वाळत होत्या, खाली मुगाच्या पापडांची चळत लागली होती. गटातल्या एक काकू नुकत्याच शेजारणीच्या सुटकेसमध्ये तीन किलो पापड भरून आल्या होत्या. शेजारीण अमेरिकेला लेकीकडे निघाली होती. मी सहज म्हटलं, "काकू, ही निर्यातच झाली की!" त्या हसल्या. "कायची निर्यात वो बाई! आमच्या पापडाले तिकडं कोन इचारते?"

विचारतात, मैत्रिणींनो! लेकरं साता समुद्रापार गेली तरी जीभ इथलीच राहते. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. तो पापड आज परदेशातही जातो, आणि तोही निर्यातदार व्यापाऱ्यांमार्फत. म्हणजे आपण स्वतः बंदर गाठायलाच हवं, असं काही नाही.

आपल्याकडे कमी काय आहे? अकोल्यात दालमिल आहेत, डाळ हाताशी आहे, ऊन तर फुकट! अडतं ते विक्रीपाशी. उन्हाळ्यात घरोघरी वाळवणं होतात. मग त्याच गल्लीत विकायला बसलं तर भाव कुठून मिळणार? ज्या घराला ना गच्ची ना ऊन, तेच गिऱ्हाईक आपल्या मेहनतीचं मोल देतं.

पण सगळी भिस्त एकाच गिऱ्हाइकावर ठेवायची नाही. अमरावती जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. वरुड-मोर्शीची संत्री बांगलादेशात जायची. तिथल्या सरकारने २०१९ मध्ये किलोमागे २० रुपये असलेला आयात कर २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर नेला. निर्यात ढासळली आणि फटका इथल्या बागांना बसला. संत्रं नासतं, थांबत नाही. पापड कोरडा ठेवला तर काही महिने थांबतो, एवढाच काय तो आपल्याला दिलासा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने छोट्या पार्सलांची करसवलत काढली, तेव्हा आपल्या टपाल खात्यालाही तिकडची बहुतेक पार्सलं थांबवावी लागली. ती सेवा ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणून निर्यात हे दुसरं दार समजावं. पहिलं दार, म्हणजे इथला बाजार, उघडंच ठेवावं.

सुरुवात छोटी करा. आधी व्यापाऱ्यामार्फत थोडा माल पाठवा, पण पैसे आगाऊ घ्या. अन्न परवाना हवाच. पाकिटावर घटक, वजन, तारीख इंग्रजीत छापा. दर घाण्याला पापडाचा आकार आणि चव तीच राहिली पाहिजे. ही शिस्त लागली की इथलं गिऱ्हाईकही वाढतं. पुढे स्वतः पाठवायचं ठरलं तर आयात-निर्यात कोड ऑनलाइन, ५०० रुपयांत मिळतो. टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रंही सुरू केली आहेत.

हे सगळं काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, "पैसे कोनाच्या खात्यात येतीन?"

"गटाच्या. घरातल्या माणसांच्या नाही."

काकूंनी पदराला हात पुसले. "मंग सांग बाई, कागद कोनते लागते?"