संरक्षणाच्या भागीदारीत आमचा वाटा किती?

खर्डीहून पहाटेची लोकल धरायची, कल्याणला उतरायचे आणि कर्जतकडची गाडी पकडून अंबरनाथ गाठायचे. आमच्या शहापूर तालुक्यातील जुनी माणसे आजही सांगतात की, ज्या घरातला एक माणूस अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागला त्या घराचे दिवस पालटले. कायम नोकरी, क्वार्टर, पेन्शन, पोरांची शाळा! गावात ज्याला कोणी ओट्यावर बसू देत नव्हते तो तिथे लेथवर उभा राहिला, टर्नर झाला, फिटर झाला. हे कोणाच्या मेहेरबानीने झाले नाही. कारखाना सरकारचा होता, सरकारी नोकरीला घटनेचे आरक्षण होते आणि रोस्टर पाळले जाते की नाही हे पाहणारी आपल्या कर्मचाऱ्यांची संघटना दारात उभी होती.

आज संरक्षण उद्योगाची भाषा बदलली आहे. आता शब्द आहेत भागीदारी, प्रगत तंत्रज्ञान, मित्रराष्ट्रे. भारत व अमेरिका यांनी जानेवारी २०२३ मध्ये प्रगत तंत्रज्ञानातील सहकार्याचा उपक्रम सुरू केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये जीई कंपनीचे ४१४ हे लढाऊ विमानाचे इंजिन हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या जोडीने इथे बनविण्याचा समझोता झाला. एअरबसच्या सी-२९५ या ५६ वाहतूक विमानांपैकी १६ स्पेनमधून आणि ४० टाटांच्या वडोदऱ्याच्या कारखान्यातून, असा करार २०२१ मध्ये झाला. वर्तमानपत्रे लिहितात, देशी उद्योगाला सुवर्णसंधी! असेल. आम्ही संधीच्या विरोधात नाही. आमचा सवाल एवढाच की, या 'देशी उद्योगा'च्या यादीत खर्डीचे नाव कुठे आहे?

आमच्या तालुक्याला हा प्रश्न नवा नाही. तानसा इथे, भातसा इथे. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळा लागला की याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. पाइप अंगणातून जातो म्हणून तहान भागत नाही. कारखान्याचेही तसेच आहे.

परदेशी कंपनीकडून शस्त्रे घेतली की तिने करारातील काही हिस्सा भारतातच गुंतवावा, इथल्या उद्योगाकडून माल घ्यावा, तंत्रज्ञान द्यावे, अशी अट २००५ पासून आली. तिला ऑफसेट म्हणतात. या अटीचे काय झाले? महालेखापालांचा २०२० चा अहवाल सांगतो की, मार्च २०१८ पर्यंत ६६ हजार ४२७ कोटी रुपयांचे ४६ ऑफसेट करार झाले होते. त्यातील १९ हजार २२३ कोटींचे काम डिसेंबर २०१८ पर्यंत व्हायला हवे होते. कंपन्यांनी दावा केला ११ हजार ३९६ कोटींचा आणि मंत्रालयाने मान्य केले फक्त ५ हजार ४५७ कोटी. बडे तंत्रज्ञान कोणीही दिले नाही. यावर सरकारने काय केले? अट कडक केली? नाही. २०२० च्या नव्या खरेदी पद्धतीत दोन सरकारांमधील व्यवहारांतून ही अटच काढून टाकली! म्हणजे घेणेकरी पैसे देत नाही म्हणून सावकारानेच वही फाडून टाकली. गरिबाच्या कर्जाला अशी माफी आम्ही कधी पाहिली नाही.

इकडे सरकारी कारखान्यांचे काय चालले आहे? मे २००१ मध्ये शस्त्रनिर्मिती खासगी भांडवलाला खुली झाली. तेव्हा परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्के होती, २०१४ मध्ये ४९ झाली आणि २०२० पासून सरकारच्या आगाऊ परवानगीशिवाय ७४ टक्के. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ ऑर्डनन्स कारखाने तोडून सात कंपन्या केल्या गेल्या. (१ ऑक्टोबर हाच महार रेजिमेंटचा स्थापना दिन आहे, १९४१ सालचा. तारीख निवडणाऱ्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही.) अंबरनाथचे शेजारी शेजारी असलेले दोन कारखाने दोन वेगवेगळ्या कंपन्यांत गेले. या कंपन्या अजून सरकारी आहेत, आरक्षण कागदावर कायम आहे. पण नवी भरती मुदतीच्या करारावर करण्याची सवय लागू लागली आहे आणि भागीदारीचे नवे कारखाने बहुतेक खासगी आहेत, जिथे घटनेचे कलम १६ पोचतच नाही. आमच्या ओळखीचा खर्डीकडचा एक तरुण फिटर आहे. ॲप्रेंटिसशिप पूर्ण केली, हातात प्रमाणपत्र आहे आणि आज तो एका खासगी कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीवर काम करतो. त्याने बनविलेला भाग कोणत्या विमानात बसतो हेही त्याला माहीत नाही.

कोणी म्हणेल, नोकरी कशाला मागता, उद्योजक व्हा. ठीक आहे, तेही पाहू. २०१२ च्या सरकारी खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व कंपन्यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ठरावीक हिस्सा घ्यायचा, आज तो २५ टक्के आहे, आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. हे ४ टक्के वर्षानुवर्षे पुरे होत नाहीत, ही एक गोष्ट झाली. पण त्याच आदेशात एक कलम आहे, जे आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले असेल. शस्त्रप्रणाली, क्षेपणास्त्रे अशी संरक्षण सामग्री या धोरणाच्या कक्षेबाहेर राहील! जिथे खरा पैसा आहे तिथेच दार बंद. नवकल्पनांसाठी २०१८ मध्ये आयडेक्स योजना आली, दीड कोटीपर्यंत अनुदान मिळते, पण तेवढाच वाटा अर्जदाराने स्वतः उभा करायचा. ज्याच्या बापाला सातबारा नव्हता त्याने दीड कोटी कुठून आणावेत?

बाबासाहेब या प्रश्नाकडे कसे पाहत होते ते आठवावे. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले तेव्हा महायुद्ध चालू होते आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांना कारागीर हवे होते. तंत्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती, बेव्हिन योजनेखाली तरुण कामगार विलायतेला शिकायला जात होते. युद्ध चालू आहे, आता हक्क मागू नका, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयना दिले आणि १९४३ मध्ये नोकऱ्यांत आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागा राखीव झाल्या. देशाच्या संरक्षणाची निकड हीच हक्क मागण्याची वेळ असते, हे त्यांनी करून दाखविले. आज आपण हा विषय काढला की लगेच राष्ट्रहिताचा दाखला पुढे केला जातो.

दोष आपलाही आहे. आपण मोर्चे काढले, पण टेंडर वाचले नाही. लिपिकाच्या दहा जागांसाठी हजार अर्ज गोळा करणारी आपली मंडळे सीएनसी मशीन, मोजमाप, वेल्डिंगची क्ष-किरण तपासणी शिकविणारा एक वर्ग चालवीत नाहीत. विमानाचे सुटे भाग पुरवायचे तर एएस ९१०० हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र लागते, नमुना मंजूर व्हायलाच वर्षे जातात, तोवर भांडवल अडकून पडते. मुरबाडच्या एमआयडीसीत गाळा घेऊ पाहणाऱ्या आपल्या पोराला हे सांगणारा कोण आहे?

म्हणून मागणी नेमकी करावी लागेल. २०१२ च्या आदेशातील ते कलम दुरुस्त करून भागीदारीच्या कराराखालील सुटे भाग, साचे, वायरिंग यांची खरेदी ४ टक्क्यांच्या हिशेबात घ्या. ऑफसेटमध्ये लघु-मध्यम उद्योगाकडून खरेदी केली तर परदेशी कंपनीला दीडपट श्रेय देण्याची सोय २०१२ पासून आहेच, मग अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकासाठी ते दुप्पट का नसावे? आणि तंत्रज्ञान येणार असेल तर ते शिकणाऱ्या ॲप्रेंटिसांची यादी, प्रवर्गासह, दरवर्षी प्रसिद्ध करा. राखीव मतदारसंघांतून निवडून गेलेले आपले खासदार लोकसभेत बसतात. त्यांनी पुढच्या अधिवेशनात एकच प्रश्न विचारावा : सी-२९५ च्या करारातून आजवर किती अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना काम मिळाले, आणि किती रुपयांचे? उत्तर आले की आम्ही ते याच जागी छापू.