देणगी आणि मालकी
कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर असलेली, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये उठविण्यात आली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. धनशक्तीचे एक दार लोटले गेले. दुसरे मात्र सताड उघडे आहे. रिलायन्सने २०१४ मध्ये नेटवर्क१८ आणि अदानी समूहाने २०२२ मध्ये एनडीटीव्ही ताब्यात घेतली. तेलवायू, बंदरे, विमानतळ यांसाठी ज्या सरकारच्या दारी जायचे, त्यालाच मालकाच्या वाहिनीने निर्भीडपणे जाब कसा विचारावा? वृत्तपत्रे अन्य उद्योगांपासून अलग करावीत, ही दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाची १९८२ मधील शिफारस धूळ खात पडली आहे. संसदेने वाहिन्यांसह तिला कायद्याचे रूप द्यावे. देणगीची निदान नोंद होऊ शकते. गाळलेल्या बातमीची नोंद कोणत्याच ताळेबंदात नसते.